आरएक्स १०० पुन्हा कंपनी फिटिंगमध्ये: जळगावच्या एका गॅरेजचं काम तपासून

जळगावच्या अजिंठा चौफुलीकडून एमआयडीसीत शिरलं की पाटी नसलेलं एक गॅरेज लागतं. तिथे फक्त यामाहाच्या टू-स्ट्रोक गाड्या उघडतात. पूर्वी आरएक्स १०० ला मोठ्या आरएक्स १३५ चा ब्लॉक (सिलिंडर), रेसिंग पाइप आणि मोठा कार्बोरेटर बसवून घ्यायला पोरं यायची. आता तेच सगळं उतरवून गाडी कंपनी फिटिंगमध्ये, म्हणजे कारखान्यातून निघाली तशी, आणून घ्यायला लोक येतात. धुळे, चाळीसगाव, शिरपूर, रावेर, अगदी बऱ्हाणपूरहूनही गाड्या टेम्पोत घालून आणतात. हा आढावा त्या उलट्या कामाचा.

निकाल आधीच सांगून टाकतो. इंजिनाचं काम पैसे वसूल, ऑइल पंपाचं त्याहून सरस, रंग ठीक, क्रोम सुमार, आणि आरटीओच्या कागदांत ते हात घालत नाहीत. तारखेच्या बाबतीत मिस्तरींच्या शब्दावर विसंबू नका. सांगितलेल्या तारखेत एक महिना मिळवूनच चाला.

कंपनी फिटिंग म्हणजे काय, हे आधी गिऱ्हाइकालाच ठाऊक हवं. एस्कॉर्ट्सबरोबर यामाहाने ही गाडी १९८५ मध्ये आणली, १९९६ मध्ये ती बंद झाली. ९८ सीसीचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) दोन्ही ५० मिमी, ७५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती, चार गिअर, २० मिमीचा मिकुनी कार्बोरेटर, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन), दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८ चे टायर. खानदेशात ‘स्टॉक’ म्हणून विकायला ठेवलेल्या गाड्यांत यातलं बाहेरचं सगळं जागेवर असतं: टाकीला लाल रंग, नवी स्टिकरं, चकाकणारे मडगार्ड. आत १३५ चा ब्लॉक तसाच. विकणारा मात्र छातीठोकपणे सांगतो, ‘वरिजनल शे, भाऊ.’ त्यामुळे गॅरेज पारखायचं ते आतल्या कामावरून.

इथली पहिली चांगली गोष्ट म्हणजे इंजिन उघडल्याशिवाय ते अंदाजपत्रक देत नाहीत. उघडायचे पैसे वेगळे घेतात, पुढे काम दिलं तर बिलातून वजा करतात. उघडल्यावर ब्लॉकच्या आत पातळ कागद गुंडाळून घालतात आणि तेलकट बोटाने आतून दाबत फिरवतात. कागदावर पोर्टच्या, म्हणजे मिश्रण आत यायच्या आणि धूर बाहेर जायच्या, खिडक्यांचा ठसा उमटतो. हात न लागलेल्या एका शंभरच्या ब्लॉकचा असाच ठसा भिंतीवर लावून ठेवलाय. दोन्ही कागद एकावर एक धरले की एक्झॉस्टची खिडकी कानशीने किती वर नेलीय, ट्रान्सफरचे (केसमधून मिश्रण वर आणणाऱ्या खिडक्यांचे) कोपरे किती खाल्लेत, ते गिऱ्हाइकालाही दिसतं. हेडचंही तसंच. हेड उलटं धरून प्लग लावतात, वर काच ठेवतात आणि सिरिंजने पातळ तेल भरून किती मिली मावतं ते मोजतात. चांगल्या हेडपेक्षा कमी मावलं तर ते घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं आहे. असं हेड ते परत बसवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

एक्झॉस्ट पोर्ट एकदा वर नेला की खाली आणता येत नाही. मग दोनच मार्ग: चांगला जुना ब्लॉक शोधायचा, किंवा ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह (आतली नळी, जिच्यात पिस्टन फिरतो) घालायची. स्लीव्ह स्वस्त पडते, पण तिच्या खिडक्या ब्लॉकच्या खिडक्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. अर्धा मिलिमीटर पायरी राहिली तरी वाऱ्याची वाट अडते आणि गाडी ‘बांधलेली’ वाटते. इथला लेथवाला स्लीव्ह घालून झाल्यावर पुन्हा कागदाचा ठसा काढून दाखवतो. मागितला नाही तर दाखवत नाही, म्हणून मागा.

खरा पेच मात्र क्रँककेसचा, म्हणजे ब्लॉकखाली क्रँक बसतो त्या पेटीचा. १३५ चा बोअर ५८ मिमी. त्याच्या स्लीव्हचं खाली उतरणारं नरडं शंभरच्या केसमध्ये मावत नाही, म्हणून केसचं तोंड लेथवर मोठं करतात. तशा केसवर शंभरचा ब्लॉक परत ठेवला की बाहेरून काहीच कळत नाही. आत मात्र स्लीव्हभोवती पोकळी राहते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली येताना केसमधला वारा दाबला जातो आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर ढकलला जातो. पोकळी वाढली की तो दाब कमी पडतो. शिवाय ब्लॉकखालच्या पॅकिंगला टेकायला कड अरुंद उरते, तिथून हवा खेचली जायला लागते. गाडी सुरू होते, चालते, पण खालच्या गिअरला मरगळ राहते. मालक वर्षभर कार्बोरेटरला दोष देत बसतो.

मिस्तरी केसच्या तोंडावर व्हर्नियर ठेवून सांगतात, ‘भाऊ, केस मोठी करेल शे.’ म्हणजे मोठी केलेली आहे. पुढे तीन पर्याय मांडतात. पहिला, दुसरी जुनी केस घेणे. पण केसचे दोन अर्धे कारखान्यात जोडीने मशीन होतात, एकच अर्धा बदलून भागत नाही. त्यातच इंजिन नंबर केसवर असतो, म्हणजे नंबर आरसीशी जुळायचा थांबतो. दुसरा, तोंडात अॅल्युमिनियमची रिंग प्रेस करून, कडा आर्गन वेल्डिंगने भरून, लेथवर मूळ मापाला आणणे. तिसरा, १३५ चा ब्लॉक राहू देणे आणि गाडीला स्टॉक म्हणणं सोडून देणे. आमच्या मते नंबर जपायचा असेल तर दुसराच. त्यात धोका उष्णतेचा. वेल्डिंग करताना केसचे दोन्ही अर्धे बोल्टने आवळलेले आणि बेअरिंगच्या जागी डमी घातलेले हवेत, नाहीतर बेअरिंगची भोकं वाकडी होतात आणि क्रँक हाताने फिरवतानाच जड लागतो. इथे डमी घालतात. गावातल्या दुसऱ्या ठिकाणी उघड्या अर्ध्यावरच टॉर्च धरलेला पाहिलाय, म्हणून हा फरक मुद्दाम लिहिला. रिंग बसल्यावर ट्रान्सफरच्या वाटा पुन्हा कानशीने मोकळ्या कराव्या लागतात. तेही इथे होतं, आणि सावकाश होतं.

बोरिंगबद्दल फार लिहायला नको. पिस्टन ०.२५ मिमीच्या पायरीने ओव्हरसाइज मिळतात. पिस्टन आधी हातात घेऊन, मायक्रोमीटरने मोजून, मग त्या मापाला बोअर करायचा हा नियम इथे पाळतात. ५० मिमीच्या एअरकूल्ड बोअरला ०.०३ ते ०.०४ मिमीच्या आसपास फट सोडतात. बोअर झाल्यावर खिडक्यांच्या धारा गोल करणं फार जणांकडून राहतं आणि रिंग तिथेच अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, रिंगची टोकं आपापल्या खिळीवर, आणि पिनचे लॉक नवे. जुने लॉक वाचवून किती रुपये वाचतात?

क्रँकला नवा रॉड घातला तर तो दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजवर फिरवतात. ०.०३ मिमीपेक्षा जास्त डोलला तर पितळी हातोडीने सरळ करतात. दोन्ही ऑइल सील बदलतात. क्लचकडचं सील गळलं तर इंजिन गिअर ऑइल पितं, पांढरा धूर निघतो आणि ऑइलची पातळी उतरत जाते. मॅग्नेटकडचं गळलं तर धूर वगैरे काही नाही, नुसती हवा शिरते. रेस सोडली तरी इंजिनाचा वेग खाली उतरत नाही, आणि एखाद्या दुपारी भुसावळ रोडवर पिस्टन धरतो, म्हणजे बोअरमध्ये अडकून बसतो. म्हणून इंजिन जोडून झाल्यावर दाबाची चाचणी हवीच. इथली पद्धत मस्त आहे. एक्झॉस्ट आणि इनलेट रबरी बुचांनी बंद करतात आणि प्लगच्या भोकातून बीपी मोजायच्या यंत्राच्या फुग्याने हवा भरतात. घड्याळ ३०० वर, म्हणजे पावणेसहा पीएसआयच्या आसपास. सहा मिनिटं सुई जागेवर राहिली पाहिजे. उतरली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे. ही चाचणी गिऱ्हाइकासमोर करतात. एकट्या या गोष्टीसाठी आम्ही हे गॅरेज सुचवू.

कार्बोरेटरच्या बाबतीत थोडं जपून. बाजारात ‘मिकुनी’ अक्षरं कोरलेले नकली माल भरपूर. स्लाइड ढिली, जेटवरचा (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यावरचा) नंबर आणि भोक यांचा मेळ नाही. जुना अस्सल कार्बोरेटर मिळाला तरी त्यातले जेट तारेने किंवा ड्रिलने मोठे केलेले असतात, तेव्हा नंबर वाचून काही उपयोग नाही. मॅन्युअलमधल्या मापाचे नवे जेटच घालायचे, सुईची क्लिप मधल्या खाचेत, आणि फ्लोटची पातळी मोजून. प्लग मूळ उष्णतेच्या नंबरचा आणि आखूड चुडीचा हवा. एनजीकेच्या नंबरात ‘एच’ असेल तर चुडी १२.७ मिमी. लांब चुडीचा प्लग घातला तर तो आत डोकावतो आणि पिस्टनला लागू शकतो.

खानदेशच्या उन्हाबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणून ‘जेट मोठा टाक, गाडी गरम होते.’ तापलेली हवा विरळ असते. त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण उलट थोडं पेट्रोलकडे झुकतं. उन्हाळ्यात पिस्टन धरतो तो बोअर घट्ट ठेवल्याने, पंखांच्या फटींत माती बसल्याने किंवा कुठून तरी हवा शिरल्याने. आणि मे महिन्यात नेमका बसवलेला जेट जानेवारीच्या पहाटेच्या थंड हवेत कमी पडतो. मिस्तरींना हे पक्कं ठाऊक आहे. हाताखालच्या पोराला नाही. ट्यूनिंगच्या दिवशी मिस्तरी हजर असतील असं बघा. ट्यूनिंग झाल्यावर फुल थ्रॉटलवर थोडं अंतर पळवून, इंजिन तिथेच बंद करून, क्लच दाबून थांबायचं आणि प्लग काढून बघायचा. चॉकलेटी असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर घरी न्यायचं नाही.

आता पेट्रोलच ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) मिळतं, हेही इथे लक्षात घेतात. इथेनॉलमुळे मिश्रण किंचित हवेकडे झुकतं, आणि जुने रबर फुगतात. पेट्रोल पाइप, कॉकचं रबर आणि फ्लोटची सुई हे सगळं ते नवं घालतात. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवा.

ऑइल पंपावर हे गॅरेज खरं वेगळं ठरतं. ट्यूनिंगवाले पंप काढून पत्र्याची चकती लावतात आणि ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घालायला सांगतात. लिटरला २५ मिली, कुणी ४० मिली. हिशेबाने घातलं तर गाडी चालते. पण अजिंठ्याच्या घाटात उतरताना थ्रॉटल बंद असतो आणि चाकं इंजिनाला फिरवत असतात. तेव्हा पेट्रोलच नाही तर ऑइलही नाही. कंपनीचा पंप क्रँकच्या वेगावर आणि थ्रॉटलच्या केबलवर असे दोन्हीवर चालतो. इंजिन फिरतंय तोवर थोडं तरी ऑइल जातंच. म्हणून स्टॉक गाडीला पंप हवाच.

पंप परत बसवताना नुसता पंप आणून भागत नाही. क्लच कव्हरच्या आत तो फिरवणारा छोटा गिअर बहुतेक वेळा फेकून दिलेला असतो. थ्रॉटलची केबल दुहेरी फाट्याची लागते, एक तार कार्बोरेटरला आणि एक पंपाला. साइड पॅनलखालची ऑइलची टाकी, तिची नळी, आणि पंपाकडून इनलेटकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाचा एकतर्फी व्हॉल्व्ह हेही हवं. हा व्हॉल्व्ह खराब असेल तर उभ्या गाडीत ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये साठतं आणि सकाळी पहिल्या किकला निळ्या धुराचा लोट उठतो. इथे हे पाचही भाग मोजून घेतात. पंपातली हवा काढतात, पुलीवरची खूण केबलच्या ताणाने जुळवतात. त्यानंतर पहिली टाकी मिसळलेल्या पेट्रोलवरच चालवायला सांगतात, आणि ऑइलच्या टाकीला चिकटपट्टीने खूण करून पातळी उतरतेय का ते बघायला लावतात. पातळी उतरली की मगच साधं पेट्रोल. टू-स्ट्रोक ऑइल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या, सुटं नको.

सायलेन्सर हा सगळ्यात मोठा ताप आहे. अस्सल सायलेन्सर मिळत नाही, मिळाला तर गंजलेला. नव्या नकली सायलेन्सरचा पत्रा पातळ असतो. तो हातात घेतल्यावरच हलका लागतो आणि आतली रचनाही सारखी नसते. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरच्या पोटातून परत येणाऱ्या दाबावर ताकद ठरते. त्यामुळे चुकीच्या सायलेन्सरवर बरोबर जेटसुद्धा चुकतो. पर्याय असेल तर जुनाच अस्सल घ्या, कॉस्टिक सोड्याने आतला कार्बन काढून घ्या आणि वरून पुन्हा क्रोम करा. आतली पुंगळी जागेवर आहे का, तिचा बोल्ट आहे का, ते डिलिव्हरीआधी बघा. इथे एका गाडीत पुंगळी ‘राहून गेली’ होती. आवाजावरून लगेच कळतं.

चेसीचं काम सरळ आहे. मागचा भाग कापून बुटकी सीट बसवलेली असेल तर तिथे जुन्या गाडीचा तुकडा जोडतात. जोड आतून नळी घालून करतात, नुसतं वरून वेल्ड ओढत नाहीत. चिमटा (मागचं चाक धरणारा दांडा) आणि चाकं एका रेषेत आहेत का ते दोऱ्याने तपासतात. डिस्क ब्रेकसाठी बदललेला पुढचा फोर्क पूर्ण उतरवून ड्रमवाला घालावा लागतो. ड्रम अंडाकृती झाला असेल तर लेथवर चाटून घेतात. जाड टायर काढून मूळ मापाचे घातले की गाडी वळणावर किती हलकी होते, हे चालवूनच कळेल.

रंग चांगला, पण एक सूचना. चेसी नंबरवर पुट्टी आणि रंग चढवू नका असं लेखी सांगा. पेंटर बाहेरचा आहे, त्याला नंबरचं महत्त्व कळत नाही, आणि आरटीओत पेन्सिलने छाप घेताना अंक उठत नाहीत. क्रोम बाहेरगावी पाठवतात. परत आलेल्या मडगार्डच्या कडांवर आणि आतल्या वळणात थर पातळ दिसला. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असा क्रम असतो. घाई केली की तांब्याचाच थर वाचवतात आणि पहिल्या पावसाळ्यात फोड येतात. वायरिंगबद्दल एवढंच, की मॅग्नेटची प्लेट मूळ खुणेवर आणलेली हवी. टायमिंग पुढे घ्यायला तिची भोकं कानशीने लांबवलेली असतील तर प्लेटच बदला.

कागद तुमचे तुम्हालाच बघावे लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाला न जुळणारा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मागच्या मालकाने रंग बदलून तो आरसीवर चढवला असेल, तर मूळ रंगात आणल्यावर पुन्हा नोंद लागते. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, दर पाच वर्षांनी. गाडी घेण्याआधी इंजिन आणि चेसी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. गॅरेज हे विचारत नाही, आणि विचारायला हवं.

पैशांचं बोलायचं तर नुसतं इंजिन, पंप आणि कार्बोरेटर एवढं काम करून घेतलं तर इथला दर रास्त आहे. पूर्ण गाडी दिली तर मजुरीपेक्षा जुन्या भागांचा भाव डोक्यावर बसतो. तो रोज बदलतो, म्हणून भागांची यादी आणि त्यापुढे ‘अस्सल’, ‘जुना’ की ‘नकली’ हे लिहून घ्या. बिलावर फक्त ‘सामान’ लिहायची इथली सवय वाईट आहे. दुसरी तक्रार रनिंगबद्दल, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवण्याबद्दल. पहिले ५०० किलोमीटर थ्रॉटल वरखाली करत, मधे थांबत चालवायची, आणि पहिल्यांदा तापून पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट आडवे-तिडवे पुन्हा आवळायचे, हे ते तोंडी सांगतात. गिऱ्हाईक निम्मं विसरतं. एका कागदावर छापून द्यायला काय हरकत आहे?

डिलिव्हरी घेताना उतरवलेले सगळे भाग मागून घ्या. १३५ चा ब्लॉक, पाइप, मोठा कार्बोरेटर. ब्लॉक चांगला असेल तर त्याला गिऱ्हाईक बहुतेक त्याच गॅरेजच्या दारात उभं असतं, तेव्हा भाव ठरल्याशिवाय तो हातातून सोडू नका.